काठमांडूची बातमी दिल्लीमार्गे येते तेव्हा

प्रश्न असा आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ पेटलं, तेव्हा पाश्चात्त्य वाहिन्या एक सांगत होत्या, आपल्या वाहिन्या दुसरं, आणि खुद्द नेपाळी लोक तिसरंच लिहीत होते. छोट्या, गरीब देशांचं राजकारण बाहेरची माध्यमं मुद्दाम वाकडं करून दाखवतात का? आणि साध्या वाचकाने कुणाचं धरायचं, कुणाचं सोडायचं?

मी मराठी दैनिकात बरीच वर्षं देश-विदेशचं पान लावलं आणि मधूनमधून काठमांडू, कोलंबोला जाऊन वार्तांकनही केलं. त्यावरून सांगतो. ठरवून केलेला खोटेपणा असतो, पण तुम्हाला वाटतो त्याहून कमी. जास्त नुकसान होतं ते बातमी ज्या वाटेने येते त्या वाटेमुळे, आणि वाचकाला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीतच नवी गोष्ट कोंबून बसवायच्या सवयीमुळे. छोट्या देशाच्या घडामोडीत एखाद्या मोठ्या देशाचं नाव घालता आलं, तरच ती बातमी म्हणून उभी राहते. काठमांडूत सरकार पडलं, तर आतल्या पानावर सिंगल कॉलम. काठमांडूत ‘चीनधार्जिणं’ सरकार पडलं, तर पहिलं पान आणि शेजारी चौकट. घटना तीच. सरकार का पडलं याचं कारण दोन्हीकडे शेवटच्या परिच्छेदात असतं, आणि जाहिरात वाढली की तो परिच्छेदच उडतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण या चर्चेत ती हमखास राहून जाते. ‘परदेशी माध्यमं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लंडन आणि न्यूयॉर्क येतं. नेपाळ, मालदीव, भूतान, श्रीलंका इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आपण येतो. पाश्चात्त्य पत्रकार आपल्याकडे येऊन गाय, साप आणि झोपडपट्टी दाखवतात म्हणून आपला जळफळाट होतो ना, तसाच जळफळाट नेपाळच्या विराटनगरमधल्या किंवा मालदीवच्या मालेमधल्या माणसाचा आपल्या हिंदी वाहिन्या बघून होतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळजवळ ९,००० माणसं गेली. भारताने मदत केली, लगेच केली आणि मोठ्या प्रमाणावर केली. पण त्या मदतीच्या हेलिकॉप्टरांतून आपले टीव्ही पत्रकारही उतरले. ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईपुढे त्यांनी माइक धरला आणि ‘कसं वाटतंय’ असं विचारलं. आठवडाभरात, ३ मे रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक पत्रकारिता स्वातंत्र्य दिनी, ‘गो होम इंडियन मीडिया’ हा हॅशटॅग ट्विटरवर चढला. आपल्याकडे तो कृतघ्नपणा ठरला. मला तो वार्तांकनाच्या पद्धतीवरचा अभिप्राय वाटतो, आणि रास्त वाटतो.

आता वाट कशी असते ते बघा. जगातल्या बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांचा आणि वाहिन्यांचा दक्षिण आशियासाठी कायमचा माणूस दिल्लीत बसतो. नेपाळ, श्रीलंका, मालदीव, भूतान, कधी बांगलादेशही त्याच्याच पदरात. काही घडलं की तो विमान पकडतो. घडलं नाही तर जात नाही, कारण वरिष्ठांना खर्चाचं कारण द्यावं लागतं. त्या शहरात त्याचा एखादा स्ट्रिंगर असतो, बातमीमागे पैसे घेणारा. तिथे पोचल्यावर फिक्सर मिळतो. फिक्सर म्हणजे गाडी ठरवणारा, भेटी लावणारा, दुभाषाचं काम करणारा आणि बहुतेक वेळा बायलाइनमध्ये, म्हणजे बातमीवरच्या नावात, न दिसणारा स्थानिक पत्रकार. बाहेरच्या पत्रकाराला दोन दिवसांत जे ‘कळतं’ ते या माणसाला दहा वर्षांपासून कळत असतं. फिक्सर राजधानीतला, इंग्रजी बोलणारा, बहुधा विशिष्ट जातीवर्गातला असतो. त्याच्या मोबाइलमधले नंबर तसेच, म्हणून बातमीतली माणसंही तशीच: एक माजी राजदूत, एक थिंक टँकवाला, एक इंग्रजीत ट्वीट करणारा तरुण आणि विमानतळावरून येताना भेटलेला टॅक्सीवाला.

मराठी वाचकापर्यंत येताना यात आणखी दोन पायऱ्या वाढतात. रॉयटर्स, एपी, एएफपी किंवा पीटीआय या वृत्तसंस्थांची, म्हणजे एजन्सींची, इंग्रजी कॉपी (बातमीचा मजकूर) डेस्कवर येते. उपसंपादकापुढे तशा ढीगभर कॉप्या असतात, पान सोडायची वेळ ठरलेली असते, आणि नेपाळच्या कॉपीला जागा आहे दीडशे शब्दांची. मूळ कॉपी आठशे शब्दांची. पहिले तीन परिच्छेद घ्यायचे आणि खाली कापायचं, ही डेस्कची शिस्त, कारण एजन्सीची कॉपी खालून कापता यावी अशीच लिहिलेली असते. नवं ते वर, पार्श्वभूमी खाली. आपल्या शहरातल्या बातमीत हे चालतं, पार्श्वभूमी वाचकाला ठाऊक असते. नेपाळच्या बातमीत नेमकी तीच वाचकाला हवी असते आणि तीच कात्रीत जाते. यात कुणाचा कट नाही, दुष्टावा नाही. पण रोज, वर्षानुवर्षं असं झालं की वाचकाच्या मनात एक देश तयार होतो, जिथे सारखं काहीतरी जळत असतं आणि का जळतं ते कुणालाच माहीत नसतं.

सप्टेंबर २०२५ हेच उदाहरण घेऊ. जगभर मथळा गेला: समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध ‘जेन झी’ रस्त्यावर. हे खरं आहे. नोंदणी केली नाही म्हणून पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांच्या सरकारने ४ सप्टेंबरला २६ समाजमाध्यमं बंद केली होती. ८ तारखेला मुलं काठमांडूतल्या माइतीघर चौकात जमली आणि नया बानेश्वरच्या संसद भवनाकडे निघाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात १९ जण मेले. रात्री बंदी उठली. मग बंदी उठल्यावर दुसऱ्या दिवशी सिंहदरबार (सरकारचं मुख्य सचिवालय), संसद, सर्वोच्च न्यायालय का पेटलं? मथळा हेच सगळं कारण मानलं तर या प्रश्नाला उत्तर नाही. नुसतं ‘फेसबुक बंद केलं म्हणून पोरांनी देश जाळला’ असं चित्र उरतं, आणि आपल्याकडे कितीतरी जणांनी ते तसंच्या तसं उचललं.

नेपाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्यामागची कारणांची रांग दिसत होती. २००८ ला प्रजासत्ताक झाल्यापासून एकाही सरकारने पाच वर्षं पुरी केलेली नाहीत. २०१५ ते २०२५ या काळात तर ओली, देउवा, प्रचंड हे तीन मोठ्या पक्षांचे नेतेच आलटून पालटून पंतप्रधान. आज एकमेकांविरुद्ध, उद्या एकाच मंत्रिमंडळात, परवा पुन्हा फाटलेले. २०२३ मध्ये एक प्रकरण बाहेर आलं. भूतानी निर्वासित असल्याची खोटी कागदपत्रं करून अमेरिकेला पाठवतो, असं सांगून नेपाळी लोकांकडून लाखो रुपये उकळले होते, आणि आरोपींत माजी उपपंतप्रधान आणि माजी गृहमंत्री. स्वतःच्याच नागरिकांना परदेशाचे निर्वासित करून विकण्याचा हा उद्योग! मला विचाराल तर अलीकडच्या नेपाळी राजकारणातली ही सगळ्यात मोठी बातमी होती. बाहेर ती आतल्या पानांपलीकडे फारशी गेली नाही, कारण तिच्यात चीन नव्हता आणि भारतही नव्हता. सहकारी पतसंस्थांत बुडालेल्या ठेवी हा आणखी एक विषय. आपल्या वाचकाला तो चटकन कळला असता, असे प्रकार महाराष्ट्राने पुष्कळ पाहिलेत. त्यावरही शुकशुकाट. शिवाय परदेशातून घरी येणारा पैसा हा तिथल्या अर्थव्यवस्थेच्या साधारण पाव हिश्श्याएवढा. म्हणजे घरटी कुणीतरी आखातात, मलेशियात किंवा आपल्याकडे, आणि त्याच्याशी बोलायचं साधन मोबाइल. बंदीचा चटका कुठे बसला असेल ते यावरून कळेल. बंदीआधी काही आठवडे टिकटॉकवर पुढाऱ्यांच्या पोरांच्या महागड्या पिशव्या, गाड्या आणि परदेश सहली फिरत होत्या, ‘नेपो किड’ म्हणून. बंदी ही शेवटची काडी.

पाश्चात्त्यांनी निदान मथळा तरी घडलेल्या गोष्टीचा केला. आपल्या बऱ्याच वाहिन्यांनी पहिल्या दोन दिवसांतच ‘हात’ शोधायला घेतला. ओली नुकतेच बीजिंगचं ३ सप्टेंबरचं संचलन बघून आले होते, म्हणून एका गटाला अमेरिकेचा हात दिसला. दुसऱ्या गटाला उलट दिसलं. पशुपतिनाथावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ फिरला; तो एका जत्रेतला निघाला. माजी पंतप्रधान झलनाथ खनाल यांच्या पत्नी जळून मेल्या, ही बातमी तर भारतातच काय, जगभर गेली. त्या गंभीर भाजल्या होत्या, पण जिवंत होत्या, रुग्णालयात होत्या. एका ठिकाणी आलं, ते वाचून दुसऱ्याने दिलं, दोघांनी दिलं म्हणून तिसऱ्याने पक्कं मानलं. खंडन आलं तेव्हा पान उलटलं होतं. याला एक कारणही होतं, तेही सांगायला हवं. ९ तारखेला जमावाने कान्तिपुर समूहाची इमारत जाळली. देशातलं सर्वांत मोठं वृत्तपत्र ज्यांचं, त्यांचीच ती. ज्या दिवशी बाहेरच्या पत्रकाराला स्थानिक पत्रकाराची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच दिवशी तो स्वतःचा जीव आणि कार्यालय वाचवत होता. मग उरले मोबाइलवरचे व्हिडिओ.

१२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी अंतरिम पंतप्रधान म्हणून शपथ घेतली, प्रतिनिधिसभा विसर्जित झाली आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख ठरली. जगाने बातमी केली ती ‘डिस्कॉर्डवर पंतप्रधान निवडला’ अशी. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर मुलांनी चर्चा केली, मतं घेतली हे खरं. पण शपथ होण्याआधी लष्करप्रमुख आणि राष्ट्रपती यांच्याशी दिवसरात्र बोलणी चालली होती, आणि सभागृहाची सदस्य नसलेल्या व्यक्तीला राज्यघटनेत पंतप्रधान म्हणून कसं बसवायचं यावर वकिलांची खडाजंगी झाली होती. कार्कींचं नावही हवेतून आलं नव्हतं. नेपाळच्या त्या पहिल्या महिला सरन्यायाधीश. २०१७ मध्ये, त्या पदावर असतानाच, त्या वेळच्या सत्ताधारी पक्षांनी त्यांच्यावर महाभियोग आणला होता आणि तो अंगावर उलटला होता. मुलांना त्या का चालल्या हे या एका वाक्यात कळतं. बाहेरच्या किती बातम्यांत ते वाक्य होतं, शोधून बघा.

२०२० चा जुलै आठवतो? नकाशाचा वाद तापलेला होता. लिंपियाधुरा, लिपुलेख आणि कालापानी नेपाळच्या हद्दीत दाखवणारा नवा नकाशा नेपाळने मे महिन्यात काढला आणि जूनमध्ये घटनादुरुस्ती करून पक्का केला. आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी ओली आणि चीनच्या महिला राजदूत यांच्यावर अशा काही ‘स्टोऱ्या’ चालवल्या की नेपाळच्या केबलचालकांनी दूरदर्शन सोडून सगळ्या भारतीय वृत्तवाहिन्या बंद केल्या. त्याच आठवड्यांत काठमांडूत खरं भांडण चाललं होतं ते एका पक्षाच्या दोन अध्यक्षांचं. २०१८ मध्ये ओली आणि प्रचंड यांचे पक्ष एकत्र आले होते ते सत्तेच्या वाटणीच्या बोलीवर, आणि ती बोली पाळायची वेळ आली होती. चीनच्या राजदूत भेटीगाठी घेत होत्या, पक्ष फुटू नये म्हणून धडपडत होत्या, यात शंका नाही. पण पक्ष फुटला, चीनला तो जोडून ठेवता आला नाही. ओलींनी २० डिसेंबर २०२० ला सभागृह विसर्जित केलं, २३ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत उभं केलं, मे महिन्यात पुन्हा विसर्जन, आणि १२ जुलैला न्यायालयाने देउवांना पंतप्रधान नेमण्याचा आदेशच दिला. एका न्यायालयाने एकाच पंतप्रधानाचे दोन विसर्जनाचे निर्णय रद्द केले. राज्यघटनेच्या कोणत्याही अभ्यासकाला हे प्रकरण सोन्यासारखं. आपल्याकडे त्याचा मथळा काय, तर ‘चीनला धक्का’.

मालदीवकडे बघू, तिथे हे आणखी स्वच्छ दिसतं. ३० सप्टेंबर २०२३ ला मोहम्मद मुइज्जू ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी जिंकले. झाडून सगळीकडे मथळा: चीनसमर्थक उमेदवार विजयी, भारताला हादरा. मतदार तीन लाखांच्या आत. म्हणजे आपल्या एका विधानसभा मतदारसंघाएवढे! आपल्या मतदारसंघात कोण जिंकतो हे बीजिंग आणि दिल्ली यांच्या तराजूवर ठरतं असं कुणी म्हणालं, तर आपण हसू. तिथे काय झालं होतं? सत्ताधारी एमडीपी पक्षात अध्यक्ष सोलिह आणि माजी अध्यक्ष नशीद यांचं फाटलं, नशीद गटाने वेगळा पक्ष काढून पहिल्या फेरीत वेगळा उमेदवार दिला. विरोधकांचे नेते यामीन तुरुंगात असल्याने त्यांना उभं राहता आलं नाही, म्हणून शेवटच्या घटकेला मालेचे महापौर मुइज्जू पुढे आले. ते आधी गृहनिर्माण मंत्री होते, आणि माले हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक. तिथे माणूस कमाईचा मोठा हिस्सा भाड्यात घालवतो. घर, भाडं, फ्लॅटचं वाटप, भूखंडाची यादी हा तिथल्या निवडणुकीचा जीव. ‘इंडिया आउट’ मोहीम खोटी नव्हती, मुइज्जूंनी ती वापरली, सैन्य परत पाठवण्याचं आश्वासन दिलं. हे ‘सैन्य’ म्हणजे दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान चालवणारे शंभरच्या आतले लोक, हा तपशील मात्र मथळ्यात कधी आला नाही.

पुढे काय झालं ते पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या उपमंत्र्यांनी बेताल ट्वीट केली, आपल्याकडे बहिष्काराची लाट आली, लक्षद्वीपची तिकिटं शोधली गेली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच मुइज्जू दिल्लीत आले, ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन अदलाबदलीचा करार करून गेले. जाता जाता मुंबईतही येऊन गेले. जुलै २०२५ ला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे होते आपले पंतप्रधान. ‘चीनसमर्थक’ ही चिठ्ठी चिकटवणाऱ्यांनी ती काढून टाकताना वाचकाला कारण सांगितलं नाही. कारण साधं होतं: मालदीवची डॉलरची तिजोरी आटली होती आणि सुकूकचे, म्हणजे इस्लामी रोख्यांचे, हप्ते तोंडावर आले होते. एवढ्याशा देशाला दोन्हीकडे हात पसरावा लागतो, तो तसा पसरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच सरकारने माध्यमांवर नियंत्रण आणणारा कायदा पत्रकारांच्या विरोधाला न जुमानता मंजूर करून घेतला. मालदीवच्या लोकशाहीसाठी ही मोठी गोष्ट. तिच्यात ना दिल्ली, ना बीजिंग, म्हणून तिला जागा मिळाली नखाएवढी.

श्रीलंकेबद्दल थोडक्यात लिहितो, नाहीतर तो स्वतंत्र विषय होईल. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेकराराने चिनी कंपनीकडे गेलं, १.१२ अब्ज डॉलरला, आणि ‘कर्जाचा सापळा’ ही गोष्ट जगभर रुजली. २०२२ मध्ये देश दिवाळखोरीत गेला तेव्हा तीच गोष्ट पुन्हा वाजवली गेली. आकडे वेगळं सांगतात. बाहेरच्या कर्जात चीनचा वाटा, चिनी सरकारी बँकांची कर्जं धरली तरी, पाचव्या हिश्श्याच्या आसपास. सर्वांत मोठा वाटा होता आंतरराष्ट्रीय रोख्यांचा, म्हणजे पाश्चात्त्य बाजारातल्या गुंतवणूकदारांचा. बंदराच्या व्यवहारात कर्ज माफ झालं नव्हतं, ते तसंच राहिलं. भाड्याचे डॉलर गंगाजळीत गेले. २०१९ च्या शेवटी केलेली करकपात आणि एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात आणलेली बंदी, ही दोन देशी कर्मं जास्त भोवली. पण गव्हर्नर, अर्थसचिव, व्हॅटचे दर हे कोण वाचणार? राष्ट्राध्यक्षांच्या पोहण्याच्या तलावात डुंबणारी पोरं, हे चित्र मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. कोलंबोतल्या गॉल फेस या समुद्रकाठच्या मैदानावरचं आंदोलन मोठ्या हॉटेलांच्या दारातच होतं, कॅमेऱ्याला सोपं. त्याच वेळी उत्तरेत, किलिनोच्चीसारख्या गावांत, युद्धात बेपत्ता झालेल्या मुलांचे फोटो घेऊन तमिळ आया २०१७ पासून रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. तिथे जायला दिवस मोडतो.

आणि अनुरा कुमारा दिसानायके. सप्टेंबर २०२४ मध्ये निवडून आले, मथळा एकच: श्रीलंकेत मार्क्सवादी अध्यक्ष. त्यांच्या जेव्हीपी पक्षाने १९७१ ला आणि पुन्हा १९८७ ते ८९ या काळात सशस्त्र उठाव केले होते, तेव्हा शब्द चूक नाही. पण त्याने वाचकाला काय कळलं? २०१९ मध्ये या माणसाला तीन टक्के मतं होती, पाच वर्षांत ती ४२ वर गेली ती क्रांतीसाठी नाही, चोरांना घरी बसवा म्हणून. सत्तेवर आल्यावर त्यांनी नाणेनिधीचा कार्यक्रम चालूच ठेवला. पहिला परदेश दौरा दिल्लीचा, मग बीजिंगचा.

आता उलट बाजू, कारण वरचं वाचून ‘बाहेरच्यांनी यात पडूच नये’ असं कुणाला वाटेल. छोट्या देशातल्या सत्ताधाऱ्यांना हे वाक्य फार आवडतं. १ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली तेव्हा फोन तोडले, वृत्तपत्रांच्या कार्यालयांत सैनिक बसवले, एफएम केंद्रांना बातम्या द्यायला मनाई केली. काठमांडूच्या एका इंग्रजी दैनिकाने तर निषेध म्हणून पायमोज्यांवर अग्रलेख लिहिला. त्या दिवसांत नेपाळमध्ये काय चाललंय हे जगाला, आणि पुष्कळ नेपाळ्यांनाही, बाहेरूनच कळत होतं. श्रीलंकेत २००९ च्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत पत्रकारांना रणभूमीवर जाऊच दिलं नव्हतं. संपादक लसंथा विक्रमतुंगे यांचा त्याच वर्षी ८ जानेवारीला भर रस्त्यात खून झाला. त्या युद्धाच्या शेवटच्या दिवसांचं फुटेज २०११ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने दाखवलं, ते कोलंबोतल्या कुणालाही दाखवता आलं नसतं. ज्या बातमीसाठी स्थानिक पत्रकाराचा जीव जातो, ती बाहेरचा देऊ शकतो. हा त्याचा खरा उपयोग. बाकीच्या दिवशी तो काय करतो, यावर माझी तक्रार आहे.

आणि ‘स्थानिक’ म्हणजे आपोआप खरं, असंही नाही. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेविरुद्ध तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, तिथले मधेशी लोक उठले, पोलीस आणि आंदोलक मिळून चाळीसहून जास्त माणसं मेली. मग सीमेवर ट्रक अडले. दिल्लीने सांगितलं, नाकेबंदी आम्ही केलेली नाही, तुमच्या बाजूला आंदोलक बसलेत. काठमांडूने सांगितलं, ही भारताची अघोषित नाकेबंदी आहे. आपली वर्तमानपत्रं पहिलं छापत होती, काठमांडूची दुसरं. मेलेले मधेशी दोन्हीकडच्या रकान्यांत अंग चोरून होते. तराईतल्या जनकपूरच्या माणसाला काठमांडूचं वर्तमानपत्रही परदेशीच वाटतं, त्यातल्या अग्रलेखात त्याच्या निष्ठेवरच शंका घेतलेली असते.

यावर एक सामुदायिक उपायही झाला होता. १९७० च्या दशकात अलिप्त राष्ट्रांनी आपल्या वृत्तसंस्थांचा ‘पूल’, म्हणजे बातम्यांचा सामायिक साठा, काढला, पाश्चात्त्य एजन्सींची मक्तेदारी मोडायला. पीटीआय त्यात पुढे होती. १९८० मध्ये युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगानेही बातम्यांचा ओघ एकतर्फी असल्याचं मान्य केलं. अमेरिका १९८४ च्या अखेरीस आणि ब्रिटन पुढच्या वर्षी युनेस्कोतूनच बाहेर पडले, त्यामागे हाही राग होता. पण पूल मेला तो त्यांच्या रागाने नाही. त्यात येणाऱ्या बातम्या म्हणजे सरकारी प्रसिद्धीपत्रकं: अमुक मंत्र्याने तमुक धरणाची पाहणी केली. कोणता उपसंपादक ते लावणार? एजन्सीचा माल एकांगी असला तरी त्यात बातमी असायची.

तेव्हा धरायचं काय? माझी स्वतःची सवय सांगतो. आधी डेटलाइन बघतो. काठमांडूच्या बातमीवर ‘नवी दिल्ली’ लिहिलेलं असेल तर ती दिल्लीचं मत समजून वाचतो, आणि तेही उपयोगी असतं, फक्त ते काय आहे ते माहीत हवं. मग बातमीत किती माणसं बोलली ते बघतो; सगळीच ‘विश्लेषक’ असली आणि मतदार एकही नसला तर पुढे जातो. कुणाला अमुकसमर्थक म्हटलं असेल, तर ते विशेषण पुसून वाक्य पुन्हा वाचतो. खाली काही उरलं तर बातमी, नाही उरलं तर टाकाऊ. आणि संसदेतल्या जागा मोजतो. मार्च २०२५ मध्ये राजेशाही परत येणार म्हणून आपल्या वाहिन्यांनी रान उठवलं. राजाच्या बाजूचा मुख्य पक्ष राप्रपा, म्हणजे राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी. २०२२ च्या निवडणुकीत त्याला २७५ पैकी १४ जागा होत्या. हा एक आकडा ठेवला असता तर अर्ध्या चर्चा झाल्याच नसत्या. मोर्चे झाले, काठमांडूतल्या तिनकुनेत दोन माणसं मेली, ती बातमी होतीच. पण मोर्चा म्हणजे कौल नाही, आणि मोर्चात आपल्या ओळखीच्या एखाद्या मुख्यमंत्र्याचा फोटो झळकला म्हणून तो कौल होत नाही.

मराठी वाचकाला नेपाळपुरती एक सोय आहे, तिचा फायदा आपण घेत नाही. नेपाळी देवनागरीत आहे. कान्तिपुर, सेतोपाटी किंवा ऑनलाइनखबर उघडा. निर्वाचन, अध्यादेश, सर्वोच्च अदालत, भ्रष्टाचार, गठबन्धन हे सगळं दिसेल आणि बरंचसं कळेल. क्रियापदं अडतील, पहिले काही दिवस. भाषांतराचं अॅप हाताशी ठेवा. काठमांडू पोस्ट इंग्रजीत आहे, पण तो राजनयिकांसाठीही लिहिलेला असतो. त्याच समूहाचं नेपाळी दैनिक त्याच दिवशी मुख्य बातमी वेगळी करतं. दोन्ही पहिली पानं शेजारी ठेवून बघा. बीबीसीची नेपाळी सेवा १९६९ पासून आहे, तिची बातमी आणि बीबीसीच्या इंग्रजी पानावरची नेपाळची बातमी यांतही असाच फरक सापडेल. मालदीवसाठी अधाधू आणि मिहारूच्या इंग्रजी आवृत्त्या, श्रीलंकेच्या अर्थकारणासाठी इकॉनॉमीनेक्स्ट. यांतलं प्रत्येक कुणाच्या तरी बाजूला कललेलं आहे, मालक आहेत, जाहिराती आहेत, पक्ष आहेत. पण ते आपल्या मतदाराच्या प्रश्नाकडे बघून कललेलं आहे, तुमच्या-माझ्या करमणुकीकडे बघून नाही. काठमांडूत पुढचं सरकार पडेल तेव्हा आपल्या वाहिन्यांआधी ही पानं उघडा, आणि भाव कशाचे वाढलेत, कुठल्या प्रकरणात कुणाचं नाव आलंय, कोणत्या दोन पुढाऱ्यांची बोली मोडलीय एवढं फक्त शोधा.